आनंदरावांचा विनियोग

लाखनीच्या एका पतसंस्थेत कर्ज विभाग सांभाळणाऱ्या आनंदराव रामटेक्यांनी जितक्या म्हशी पाहिल्या, तितक्या तालुक्यातल्या गुरांच्या डॉक्टरनंही पाहिल्या नसतील. फरक एवढाच, की डॉक्टर म्हैस बरी आहे का ते बघायचा आणि आनंदराव म्हैस आहे का ते बघायचे. म्हशीसाठी उचललेला पैसा पोरीच्या लग्नात जिरतो, हे पतसंस्थेत काही नवं नाही. म्हणून कर्ज दिल्यावर घरी जायचं आणि पैसा सांगितल्या कामीच लागला का, हे डोळ्यांनी बघून फोटो काढायचा. याला विनियोग तपासणी म्हणतात, आणि या तपासणीत आनंदराव देवालाही सूट द्यायचे नाहीत.

फोटोत कर्जदाराचा हात जनावराच्या पाठीवरच हवा. शिंगावर चालणार नाही, दोरीवर तर नाहीच नाही; दोरी काय, कोणाच्याही म्हशीची धरता येते. एका गरिबाची म्हैस पाठीला हात लावला की लाथ झाडायची. आनंदराव तिचा राग उतरेपर्यंत गोठ्यासमोर छत्री धरून दुपारभर उभे राहिले, पण फोटो नियमातच घेतला. असा माणूस एक दिवस स्वतःच तपासणीत उभा राहील, असं कोणी म्हटलं असतं तर त्यांनी त्याचंही कर्ज नामंजूर केलं असतं.

झालं असं, की संचालक मंडळानं ठराव केला: यापुढे कर्ज विभागाचा प्रमुख पदवीधरच पाहिजे. आनंदराव बारावी पास आणि टायपिंग. वयानं पन्नाशी ओलांडलेली. मंडळ काही दुष्ट नव्हतं. जो कर्मचारी पदवीला नाव घालून पहिलं वर्ष पास होईल, त्याची भरलेली फी संस्था परत देईल आणि खुर्चीही त्याचीच राहील, असं ठरावात नीट लिहिलं होतं. नापास झाला तर फी बुडाली आणि खुर्ची दुसऱ्याची. दुसरा म्हणजे नुकताच बी.कॉम. होऊन लागलेला एक पोरगा. व्हाउचर कुठं लावायचं हे त्याला आनंदरावांनीच शिकवलं होतं, आणि आता तो येता-जाता त्यांच्या खुर्चीची उंची न्याहाळत असे.

शेजारचे परसराम एस.टी.तून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. तेव्हापासून तिकिटाच्या जागी सल्ले फाडतात. ते म्हणाले, "ऑनलाइन करून टाका जी. वर्ग चालू ठेवाचा अन् आपन जेवाचं. माह्या साळ्याच्या पोरानं तं असंच एम.ए. केलं. कोनत्या विषयात केलं, ते त्याले अजून मालूम नाई."

आनंदरावांनी असं शिक्षण घ्यायचं नाही असा निश्चय केला आणि एका दूरच्या विद्यापीठाचा ऑनलाइन बी.कॉम.चा फॉर्म भरायला घेतला. पहिली ठेच तिथंच लागली. फॉर्मात 'पालकाचे नाव व मोबाईल' अशी चौकट होती आणि ती भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. आनंदरावांचे वडील जाऊन बारा वर्षं झालेली. त्यांनी मदत केंद्राला फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, "विद्यार्थ्याला फोन द्या." हे म्हणाले, "मीच विद्यार्थी." मग तिनं हळूच विचारलं, "काका, घरात कोणी मोठं आहे का?" शेवटी बायकोचं, विमलाबाईचं नाव आणि मोबाईल टाकला तेव्हा चौकट हिरवी झाली. पंचवीस वर्षं संसार केल्यावर आनंदराव कागदोपत्री आपल्या बायकोच्या ताब्यात गेले.

दुसरी ठेच फीची. शिल्लक होती ती लेकीच्या, मनालीच्या, नागपूरच्या इंजिनिअरिंगनं आणि होस्टेलनं धुऊन नेली होती. आपल्याच पतसंस्थेतून घ्यावं, तर मनालीच्या प्रवेशासाठी उचललेलं कर्ज अजून फिटायचं होतं. आणि दुसरी गोष्ट त्याहून लागट होती. काही वर्षांपूर्वी एका मास्तरानं उतारवयात एम.एड.साठी कर्ज मागितलं, तेव्हा आनंदरावांनीच त्याच्या अर्जावर शेरा मारला होता: 'अर्जदाराचे वय पाहता शिक्षणाचा उपयोग व परतफेड दोन्ही संशयास्पद.' तो शेरा इतका चांगला उतरला होता, की अध्यक्षांनी तो पुढं नियमच करून टाकला.

राहिला विमलाबाईचा बचत गट. गल्लीतल्या दहा-बारा बायांचा गट. महिन्याला पैसे टाकायचे आणि आळीपाळीनं कर्ज घ्यायचं. यंदा नंबर शकुनबाईचा होता. शकुनबाई हायवेच्या कडेला राहायची आणि अर्ध्या गावाचं तिखट उखळात कांडून द्यायची. तिला विजेवरची तिखट कांडायची मशीन घ्यायची होती, आणि त्यासाठी ती दोन वर्षं आपला नंबर लागायची वाट बघत होती.

बैठकीत विमलाबाईनं कर्जाचं नाव काढलं. गटाच्या अध्यक्ष चंद्रभागाबाई, वयानं सगळ्यात मोठ्या. त्यांनी विचारलं, "कायसाठी पायजे?"

"शिक्षनासाठी."

"मनालीच्या?"

"नाई जी," विमलाबाई चटईकडे बघत म्हणाली, "आमच्या यायच्या."

बाया सभ्य होत्या, तोंडाला पदर लावून बसल्या. मग शकुनबाई म्हणाली, "म्हनजे माही मशीन आनखी एक वर्ष मांगं."

"हे पास झाले का संस्था पैसे लगेच वापस देते. आले का त्याच दिवशी गटात भरते मी."

"अन् नाई झाले तं?"

विमलाबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. ती गटाची सचिव होती. इतरांच्या हप्त्यांसाठी दारोदार फिरायची, आणि आजवर तिचा स्वतःचा एक हप्ता कधी चुकला नव्हता. शकुनबाईनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "घे तू. माहा नंबर देतो मी. पन तपासनी होईन. बकरी असो का नवरा, नियम सगळ्याले सारखा."

हा ठराव सगळ्यांनी हात वर करून मंजूर केला. विमलाबाईनंही केला.

पुढच्या रविवारी सकाळी अख्खा गट आनंदरावांच्या दारात उभा राहिला. आनंदराव नुकतेच आंघोळ करून बनियनवर बसलेले. त्यांना आधी वाटलं, कोणाकडे बारसं असेल. चंद्रभागाबाई म्हणाल्या, "आनंदा, सदरा घाल बाबू. फोटो काढाचा हाय." त्यांनी सदरा घातला. मनालीचा जुना लॅपटॉप टेबलावर ठेवला. विमलाबाई लाजत आली आणि तिनं लॅपटॉपवर हात ठेवला.

"तिथं नोको," शकुनबाई म्हणाली. "तो तं मनालीचा जुना डब्बा व्हय. कर्ज भाऊजीवर काढलं. हात भाऊजीच्या पाठीवर पायजे."

आनंदरावांना काही बोलायचं होतं. पण हा नियम तालुक्यात कोणी रुजवला हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? ते पाठ ताठ करून बसले, विमलाबाईनं पाठीवर हात ठेवला आणि फोटो निघाला. गटाच्या अर्जात 'मालमत्तेचे वर्णन' असा रकाना होता. त्यात विमलाबाईनं आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'नवरा, एक. स्थिती चालू.'

फोटो गटाच्या व्हॉट्सॲपवर गेला आणि तिथून, जसं होतं तसं, सगळीकडे गेला. चार दिवसांनी मुरमाडीचा एक कर्जदार टेबलासमोर बसून फार आपुलकीनं म्हणाला, "साहेब, तुमची तपासनी झाली म्हन्ते. पास झाले ना?" आनंदरावांनी त्याच्याकडे न पाहता त्याच्या कागदांवर शिक्का मारला. तो उलटा उमटला.

वर्ग रोज संध्याकाळी असायचा. दिवसभर संस्थेत डोकं घालून, घरी येऊन हातपाय धुऊन, दोन घास खाऊन आनंदराव लॅपटॉपसमोर बसत. पडद्यावर पुण्याकडच्या कुण्या तरुण मॅडम. आवाज गोड आणि विषय हिशेबशास्त्र. या दोन गोष्टी एकत्र आल्यावर माणसानं काय करावं? आनंदरावांनी आयुष्यभर हिशेबच केला होता, पण कोणी तो अंगाईसारखा सांगितला नव्हता. डेबिट-क्रेडिट सुरू झालं की त्यांची हनुवटी छातीला टेकायची.

विद्यापीठाला हा रोग माहीत होता. मधूनच पडद्यावर एक चौकट उगवायची: 'आपण उपस्थित आहात का?' अर्ध्या मिनिटात 'हो' दाबलं नाही, तर माणूस गैरहजर. पाऊणपट हजेरी नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. आणि गैरहजेरीचा निरोप जायचा पालकाच्या मोबाईलवर. विमलाबाई स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असायची, मोबाईल वाजायचा, आणि ती तव्यावरची पोळी उलटता उलटता मोठ्यानं वाचायची: "आपला पाल्य आनंदराव आज वर्गात आढळला नाही. कृपया लक्ष द्यावे."

"हो, मी इथंच तं होतो," आनंदराव दचकून उठत म्हणायचे.

"आढळले नाई म्हन्ते."

उपाय सुचवायला परसराम होतेच. त्यांनी आधी कपाळाला निलगिरीचं तेल सांगितलं. त्यानं डोळे झोंबले, म्हणून आनंदरावांनी ते मिटून घेतले आणि पुढचं व्हायचं ते झालं. मग थंड पाण्याच्या बादलीत पाय. त्यानं झोप तर गेली नाहीच, सर्दी मात्र झाली. शेवटी परसराम म्हणाले, "तुमी कायले तरास घेऊन राहिले? तुमी झोपा बिनधास्त. बटन वहिनी दाबून देईन."

हे ऐकून आनंदराव खुर्चीवरून उठले. "परसरामजी, आजवर खोट्या म्हशीवर मी सही केली नाई. खोट्या हजेरीवर करीन का?" हे त्यांनी इतक्या गंभीरपणे म्हटलं, की परसरामांनी तो विषय सोडून दिला आणि चहा मागितला.

बाणा चांगला होता, पण हजेरी घसरतच होती. दिवाळीनंतरच्या बैठकीत तो निरोप गटासमोरच वाजला. विमलाबाईनं मोबाईल पदराखाली दडवला, पण शकुनबाईनं हात पुढं केला. तिनं निरोप वाचला, परत एकदा वाचला आणि मोबाईल परत दिला. तिचा आवाज चढला नाही. ती फक्त म्हणाली, "उद्यापासून मी येऊन बसतो."

तशी ती आली. संध्याकाळी वर्ग सुरू व्हायच्या आत दारात चप्पल काढायची, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा कोपऱ्यात बसायची, आणि रिकामं बसणं तिच्या स्वभावात नसल्यानं वाळल्या मिरच्यांचं पोतं सोबत आणायची. आनंदराव शिकायचे आणि ती मिरच्यांचे देठ खुडायची. बंद खोलीत मिरचीची अशी धसक उठायची, की झोपेचं नाव नको. आनंदराव शिंकायचे, खोकायचे, नाक पुसायचे आणि चौकट उगवली की वाहत्या डोळ्यांनी 'हो' दाबायचे.

एका संध्याकाळी नफा-तोटा पत्रक चालू असताना मॅडम थांबल्या. म्हणाल्या, "आनंदरावजी, आपण रडताय का?" आनंदरावांनी मान हलवली, ती हो होती की नाही ते त्यांनाही कळलं नाही. मॅडम भारावल्या. या वयात हिशेबशास्त्रानं इतका हललेला विद्यार्थी त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी सगळ्या वर्गाला सांगितलं, की शिकायचं तर असं, मनापासून. वर्गातल्या सहभागाचे गुण असतात, ते आनंदरावांना पैकीच्या पैकी मिळाले.

शकुनबाईला अडचण असली की गटातली दुसरी कोणी यायची. चंद्रभागाबाई येत आणि पाचव्या मिनिटाला स्वतःच घोरत, म्हणून त्यांची पाळी बंद करण्यात आली. मनालीला फोनवर हे सगळं कळलं तेव्हा ती आधी हसली, मग म्हणाली, "बाबा, मले असं कोनी बसवलं असतं तं माहे दोन विषय राहिलेच नसते." ते दोन विषय राहिल्याचं घरात तोवर कोणाला माहीत नव्हतं. पण ती वेगळी भानगड आहे.

आनंदरावांच्या मनाला हे सगळं लागत होतं, खोटं कशाला बोला. ज्याच्या एका शेऱ्यावर लोकांची लग्नं पुढं ढकलली जायची, त्या माणसाला रोज संध्याकाळी एक बाई राखण करत बसते, हे काय सोपं आहे? ते शकुनबाईशी कामापुरतं बोलायचे. तीही तेवढंच. आज वर्ग झाला का, उद्या किती वाजता, बस.

मार्चमध्ये एकदा वर्ग चालू असतानाच लाइट गेली. विमलाबाई मेणबत्ती शोधायला आत गेली. शकुनबाईनं मिरच्या बाजूला सारल्या आणि विमलाबाईला आवाज दिला, "थोडं ताक हाय का वं?" वाटीभर ताक आलं. तिनं दोन्ही हातांची बोटं त्यात बुडवली आणि डोळे मिटून बसली. आनंदरावांनी विचारलं, "काय झालं जी?"

"काई नाई, आग होते. कांडून कांडून हात असे झाले. रातभर पान्यात ठेवतो." मग जराशानं म्हणाली, "तुमाले झोप आवरत नाई भाऊजी, अन् मले येत नाई. देवानं वाटप काई बराबर नाई केली."

ती हे कुरकुरून म्हणाली नव्हती, सहज बोलून गेली होती. पण मशीन म्हणजे नुसती मशीन नव्हती, हे आनंदरावांना त्या मेणबत्तीच्या उजेडात कळलं, आणि स्वतःची फार लाज वाटली. लाइट आल्यावर ते खुर्ची सोडून उभं राहून शिकले. त्यानंतर त्यांना डुलकी लागलीच नाही असं नाही, पण लागली तेव्हा ते स्वतःच स्वतःच्या गालात मारून घ्यायचे.

हजेरी पाऊणपटीच्या जरा वर जाऊन थांबली आणि मे महिन्यातल्या एका रविवारी परीक्षा आली. परीक्षाही घरूनच. नियम असे: खोलीत दुसरं माणूस नको, दुसरा आवाज नको, नजर पडद्यावरून हलायला नको. आवाज आला तर संगणक एकदा ताकीद देईल, दुसऱ्यांदा पेपर बंद. आणि आनंदरावांचं घर हायवेला लागून. उन्हाळी धानाचे ट्रक रात्रंदिवस चालू, समोर पंक्चरचं दुकान, बाजूला परसरामांचा टीव्ही.

सकाळीच गट हजर झाला. चंद्रभागाबाई टीव्हीच्या रिमोटवर बसल्या; खरोखरच बसल्या, परसरामांना तो मागता येईना. विमलाबाई दाराशी. दोन बायांनी भाजीवाल्याचा भोंगा हाती घेतला आणि त्याला सावलीत बसवून पाणी दिलं. शकुनबाई पंक्चरच्या दुकानाशी, भर उन्हात, डोक्यावर पदर घेऊन.

आत आनंदराव एकटे. पेपर अर्धा झाला असेल, तेवढ्यात बाहेर एक ट्रक येऊन थांबला आणि ड्रायव्हरनं हॉर्न दाबला. पडद्यावर ताकीद आली. आता दुसरा हॉर्न वाजला की संपलं; फी गेली, खुर्ची गेली, आणि ती मशीनही गेली. आनंदराव पुढचा प्रश्न वाचू लागले. दुसरा हॉर्न वाजला नाही. नंतर कळलं, की शकुनबाई ड्रायव्हरच्या खिडकीखाली जाऊन नुसती हात जोडून उभी राहिली. बोलली एक शब्द नाही. ड्रायव्हरला वाटलं कोणाची मयत आहे. त्यानं इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि डोक्यावरचा रुमाल काढून तिच्या बाजूला उभा राहिला.

शेवटचा प्रश्न सोडवून आनंदरावांनी 'पूर्ण' दाबलं. निकाल तिथल्या तिथं दिसणार होता. पण निकालाच्या आधी एक चौकट आली. 'हा अभ्यासक्रम मी कोणाच्याही मदतीशिवाय पूर्ण केला आहे, असे प्रतिज्ञापूर्वक जाहीर करतो.' खाली एकच बटण: 'मान्य.'

आनंदरावांचं बोट हवेतच राहिलं. वाचल्याशिवाय सही करू नका, हे त्यांनी आयुष्यभर लोकांना सांगितलं होतं. त्यांनी ती ओळ परत वाचली. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ सरत होता. खिडकीतून शकुनबाई दिसत होती, पदर घामानं कपाळाला चिकटलेला, आणि तिच्या बाजूला तो अनोळखी ड्रायव्हर. नजर पडद्यावरून हलवायला मनाई होती, पण ती हललीच. मग त्यांनी 'मान्य' दाबलं.

उत्तीर्ण.

ते बाहेर आले तेव्हा सगळ्या बाया ओसरीत जमल्या होत्या. विमलाबाईला विचारायचा धीर होईना. आनंदरावच म्हणाले, "पास झालो." विमलाबाईनं डोळ्यांना पदर लावला. चंद्रभागाबाईंनी रिमोट परसरामांना परत केला. आनंदराव मात्र आरोपीसारखे उभेच होते.

"पन मी एक खोटी सही करून आलो," ते म्हणाले.

बायांचे चेहरे उतरले. शकुनबाई पुढं आली. "कॉपी केली का जी?"

"नाई. त्याच्यात लिहून होतं, का मी कोनाच्या मदतीशिवाय शिकलो. मी हो म्हटलं. निकालच उघडत नव्हता." त्यांची नजर उंबऱ्यावरच होती. "आजवर असं कधी केलं नाई मी."

शकुनबाईनं पदरानं तोंड पुसलं. तिला यात काय अडलं तेच कळेना. "त्याच्यात खोटं काय हाय भाऊजी? मदत कोनं केली तुमाले? आमी तं वसुलीले येत होतो."

आनंदरावांनी आत जाऊन ठरावाची प्रत घेतली, चपला पायात सरकवल्या आणि फी परत मागायला पतसंस्थेच्या अध्यक्षांच्या घराकडे निघाले. आज रविवार आहे, ऊन फार आहे, उद्या जा, असं विमलाबाई दारातून म्हणत राहिली, पण ते थांबले नाहीत.